मिलान : डुओमोसमोर फोटो काढून पुढची ट्रेन पकडावी की थांबावं?

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी. लेक मिलानच्या पोलितेक्निकोत मास्टर्स करतेय, त्यानिमित्ताने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, अहो आणि सासूबाई तिकडे जाणार आहोत. ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर, मिलानमध्ये काही नाही, फॅशनची दुकानं आणि फुटबॉल, ते मोठं चर्च बघा, फोटो काढा आणि सरळ फ्लॉरेन्स नाहीतर व्हेनिस गाठा. लेक म्हणते तसं नाहीये पण तिला सबमिशनमधून मान वर काढायला वेळ नाही, त्यामुळे इथे विचारतेय. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, पाय ठीक आहेत पण जिने फार नकोत, आणि त्या नाट्यसंगीताच्या जबरदस्त वेड्या आहेत. अहोंना जुन्या इमारती आवडतात. मला नुसतं "हे बघा ते बघा" अशी यादी नकोय, ती गूगलवर ढिगाने आहे. का बघायचं ते सांगा.

खडूस_काका

निघावं. फ्लॉरेन्सला जावं. मिलान हे धंदेवाईक लोकांचं गाव आहे, इटलीतली माणसंसुद्धा तिथे नोकरीसाठी जातात, हौसेने नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात आभाळ राखाडी, त्यात थंडी. झालं.

बोरीबंदर

काका आले म्हणजे धागा चालणार :)

अबोलीताई, धंदेवाईक गाव आहे हे खरंय, पण मला वाटतं तेच त्या गावाचं वैशिष्ट्य आहे. फ्लॉरेन्सला मेडिची घराण्याने काय काय केलं ते बघत फिरायचं असतं. मिलानमध्ये संस्था बघायच्या. म्हणजे इमारत बघतानाच ती कोण चालवतं, पैसे कुठून येतात, अजून का चालू आहे हे विचारत फिरलात तर ते गाव उलगडतं, नाहीतर ट्रॅम आणि दुकानं एवढंच दिसतं.

डुओमोचंच, म्हणजे त्या मोठ्या चर्चचंच घ्या. बांधकाम सुरू झालं १३८६ साली. पुढच्याच वर्षी, १३८७ मध्ये, ते काम बघायला एक संस्था नेमली, वेनेरांदा फाब्रिका देल डुओमो. ही संस्था आजही आहे! तीच तिकीट विकते, तीच संगमरवर कापते, तीच दुरुस्ती करते. तेव्हाचा सत्ताधारी जान गालेआत्सो विस्कोंती, त्याने फाब्रिकेला माज्जोरे सरोवराच्या वरच्या अंगाला कांदोल्याची खाण देऊन टाकली, किंचित गुलाबी झाक असलेला संगमरवर, आणि ती खाण आजही डुओमोसाठीच राखीव आहे. बाहेरून कुठल्या तरी शिखराला मचाण बांधलेलं दिसेलच, तेव्हा "अरेरे नेमकं आपण आलो आणि काम काढलंय" असं म्हणू नका, तिथे कुठे ना कुठे काम चालूच असतं. १३५ शिखरं आणि ३,४०० च्या आसपास पुतळे, एकीकडून दुरुस्त करत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक परत झिजलेलं. शेवटचा दरवाजा बसवला तो १९६५ मध्ये.

आणि पैसे फक्त विस्कोंतीचे नव्हते. गावातल्या लोकांनी दिले. फाब्रिकेच्या जुन्या वह्यांमध्ये नोंदी आहेत, कुणी रोकड, कुणी दागिना, कुणी अंगावरचे कपडे दिले, मग त्या वस्तू विकून पैसे उभे करायचे. काही जणांनी तर अंगमेहनतच दिली, पाया खणायला.

चकलीचं_पीठ

वाचनखूण साठवली. येऊ दे अजून.

खडूस_काका

बोरीबंदर, तुमचं सगळं बरोबर, पण दर्शनी भाग कधीचा आहे तेही सांगा की. शतकानुशतकं तोंडावर काय लावायचं यावरच वाद चालले होते. शेवटी नेपोलियनला १८०५ मध्ये तिथे इटलीचा राजा म्हणून मुकुट घालून घ्यायचा होता म्हणून त्याने दम भरला, की आता उरका. मग उरकलं. त्यामुळे समोरून नीट बघाल तर खालच्या दरवाजांवर एक शैली, वरती दुसरी. खिचडी नुसती.

बोरीबंदर

काका, खिचडी आहे हे मान्य, मला तीच आवडते. सहाशे वर्षं ज्याला जसं जमलं तसं त्याने केलं आणि कुणी आधीचं पाडून टाकलं नाही. आत गेल्यावर उजव्या बाजूला संत बार्थोलोमिओचा पुतळा शोधा, १५६२ चा, मार्को दाग्राते याचा. या संताची जिवंतपणी कातडी सोलली होती, तर पुतळ्यात तो स्वतःचीच कातडी शेल्यासारखी खांद्यावरून घेऊन उभा आहे, एकेक स्नायू, शिर मोजता येते. खाली शिल्पकाराने लिहून ठेवलंय की मला प्राक्सितेलेसने नाही, मार्कोने घडवलंय. आपल्याला कुणी तरी ग्रीक उस्ताद समजेल ही त्याला केवढी खात्री! आणि दारातून आत शिरल्या शिरल्या जमिनीवर पितळेची एक लांब पट्टी आहे, लोक तिच्यावरून बिनधास्त चालत जातात. ब्रेराच्या वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी १७८६ मध्ये बसवलेली, वरच्या भोकातून येणारा उन्हाचा कवडसा त्या पट्टीवर आला की मध्यान्ह. त्यावरून गाव घड्याळं लावायचं.

पोलिमी_पुणेकर

ताई मी पण पोलिमीचाच, म्हणजे पोलितेक्निकोचाच, लियोनार्दो कँपसला आहे. गच्चीबद्दल सांगतो. डुओमोच्या छतावर चढता येतं, जिना आहे आणि लिफ्टपण आहे, आजींसाठी लिफ्टचंच तिकीट काढा. पण लिफ्टने गेलं तरी वर थोड्या पायऱ्या आणि चिंचोळ्या वाटा आहेतच, आणि पाऊस पडून गेलेला असेल तर संगमरवर घसरतो, सो बूट नीट. वर गेल्यावर एकेका शिखराच्या टोकाला पुतळा दिसतो, खालून जे ठिपके दिसतात ते जवळून बघितल्यावर कळतं की पानं, फुलं, प्राणी, चेहरे सगळं कोरलंय, जे खालून कुणालाच दिसणार नव्हतं.

सगळ्यात वर सोन्याचा मुलामा दिलेली मादोन्निना, म्हणजे मेरीचा पुतळा आहे, १७७४ ची, जमिनीपासून १०८.५ मीटर. गावात एक अलिखित नियम होता की हिच्यापेक्षा उंच काही बांधायचं नाही. मग १९६० मध्ये पिरेल्लीची टॉवर झाली १२७ मीटरची, आता काय करायचं, तर तिच्या डोक्यावर मादोन्निनाची छोटी प्रतिकृती नेऊन ठेवली, म्हणजे परत तीच सगळ्यात उंच! नंतरच्या काही टॉवर्सवर पण तेच केलंय. असला जुगाड पुण्यातच होईल असं मला वाटायचं.

आणि संगमरवर आला कसा ते तर भारी आहे. खाणीतून नदीत, नदीतून सरोवरात, सरोवरातून तिचिनो नदी आणि मग नाविल्यो ग्रांदे या कालव्यातून होडीवर थेट गावात. फाब्रिकेच्या मालाला जकात माफ होती, दगडांवर तशी खूण कोरलेली असायची. कालवा आणि गावाच्या आतलं पाणी यांच्या पातळीत फरक, म्हणून १५ व्या शतकात पाण्याचे दरवाजे बांधले, होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, होडी वर. डुओमोच्या मागे एक छोटं तळं होतं तिथे माल उतरायचा. १९ व्या शतकात ते बुजवलं पण रस्त्याचं नाव अजून व्हिया लागेत्तो आहे. गावातला कालव्यांचा आतला गोल १९२९-३० मध्ये झाकून टाकला, आता त्यावरून गाड्या जातात. आता जे नाविली म्हणून संध्याकाळी गर्दीने भरतात ते गावाबाहेर जाणारे दोन फाटे. तिकडे खाण्यापिण्याचे दर बघून घाबरू नका.

डॉ_कडुलिंब

व्हिया लागेत्तोचा विषय निघालाच आहे तर तिथून अगदी जवळ काय आहे ते सांगतो, कारण ते कुणी बघत नाही आणि माझ्या मते डुओमोनंतर मिलानमध्ये तेच बघायला हवं.

ओस्पेदाले माज्जोरे, लोक त्याला का ग्रांदा म्हणतात. १४५६ मध्ये फ्रांचेस्को स्फोर्त्सा या ड्यूकने सुरू केलेलं हॉस्पिटल. हा स्फोर्त्सा म्हणजे भाडोत्री सैन्याचा सेनापती, लग्नसंबंध आणि तलवार या दोन्हीच्या जोरावर ड्यूक झालेला, त्यामुळे गावाला आपलंसं करणं त्याला भागच होतं, हेही आहे. गावात तोवर लहान लहान धर्मादाय इस्पितळं विखुरलेली होती, ती एकत्र करून एक मोठं. आर्किटेक्ट फिलारेते. त्याने काय केलं, क्रॉसच्या आकाराचे वॉर्ड, मध्यभागी वेदी, म्हणजे चारी बाजूंच्या खाटांवरून रुग्णाला प्रार्थना दिसेल, एक क्रॉस पुरुषांचा आणि एक बायकांचा. आणि आमच्यासारख्यांना ज्याचं खरं कौतुक वाटतं ते म्हणजे संडास! खाटांच्या रांगेमागे शौचकूप, त्याखालून वाहत्या पाण्याचे नळ, पाणी कालव्याचं आणि पावसाचं. पंधराव्या शतकात. आपल्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात मी रेसिडेन्सी केलीय, नाव घेत नाही, तिथल्या वॉर्डातल्या संडासाची आठवण झाली आणि मी त्या अंगणात उभा राहून एकटाच हसलो.

पैसा कुठून? दानातून. लोक मरताना जमिनी, शेतं, घरं हॉस्पिटलच्या नावाने करायचे. हॉस्पिटल लोंबार्दीतलं मोठं जमीनदार झालं, ती शेती अजून त्यांच्याकडे आहे. आणि दात्याचं चित्र काढून घ्यायची प्रथा, तिच्यात मिलानचा व्यापारी हिशेब दिसतो. मोठी देणगी दिली तर उभं, पूर्ण उंचीचं चित्र. त्याहून कमी असेल तर कमरेपर्यंतच. असली शेकडो चित्रं जमली, नावाजलेल्या चित्रकारांनी काढलेलीसुद्धा. विषम वर्षी २५ मार्चला उत्सव असतो, त्या दिवशी ती अंगणात लोकांना बघायला मांडायचे. म्हणजे शेजाऱ्याचं चित्र पूर्ण आणि आपलं अर्धं, हे अख्खं गाव येऊन बघणार! देणग्या का कमी पडल्या नसतील ते यावरून समजून घ्या.

१९४३ च्या बाँबहल्ल्यात इमारतीचं प्रचंड नुकसान झालं. तुकडे गोळा करून परत उभी केली, आणि १९५८ पासून तिथे मिलान विद्यापीठाचं मुख्यालय आहे. हॉस्पिटल बंद नाही पडलं हं, ते शेजारच्या आवारात पोलिक्लिनिको म्हणून जोरात चालू आहे. कॉलेजच्या दिवशी कुणीही आत जाऊन अंगणं बघू शकतं, भाजलेल्या लाल मातीची ती नक्षी, खिडक्यांभोवतीची फळं आणि चेहरे, आणि खाली पायरीवर बसून पोरं सिगरेट ओढत नोट्स वाचतायत. तिकीट नाही.

अबोली_नाशिक

डॉक्टर, हे फारच आवडलं. अहोंना वाचून दाखवलं, ते म्हणाले आपल्याकडे देणगी पाटीवर "कै. अमुक यांचे स्मरणार्थ" लिहितात आणि पंख्याच्या पात्यावरपण नाव घालतात, त्यापेक्षा हे बरं. सासूबाई मात्र विचारतायत की यात गाणं कुठे आहे.

दुसरी_घंटा

गाण्याचं मी बघतो :)

आधी ला स्काला, मिलानचं ऑपेराचं नाट्यगृह. जुनं नाट्यगृह १७७६ मध्ये जळलं, ते ड्यूकच्या वाड्याला लागून होतं. नव्यासाठी जागा मिळाली ती सांता मारिया आल्ला स्काला नावाचं चर्च पाडून, नाव तिथूनच आलं. आर्किटेक्ट पिएरमारिनी, राज्य ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसाचं, पण पैसे मुख्यतः ज्या घराण्यांकडे बॉक्स होते त्यांचे. उद्घाटन ३ ऑगस्ट १७७८, सालिएरीच्या ऑपेराने. बॉक्स म्हणजे त्या घराची खासगी खोली, आतली सजावट ज्याने त्याने आपली आपली करायची, तिथेच जेवण, गप्पा, सोयरिकी, आणि बाहेर जुगार. ऑपेरा मध्ये मध्ये ऐकायचा.

सगळ्यात वर लोज्जोने, म्हणजे आपला पिट उलटा, स्वस्त आणि माथ्यावर. तिथे बसणारे खरे दर्दी आणि खरे खाष्ट. २००६ च्या डिसेंबरात आईदा चालू असताना रोबेर्तो अलान्या या नामवंत टेनरला पहिल्याच आरियानंतर, म्हणजे पदानंतर, वरून बू बू झालं, हा बाबा हात दाखवून चक्क स्टेजवरून निघून गेला, आणि त्याच्या बदली गायक घरच्या कपड्यांत, जीन्समध्ये, स्टेजवर ढकलला गेला, ऑर्केस्ट्रा थांबला नाही. सासूबाईंना हा किस्सा नक्की सांगा. संगीत नाटकाच्या प्रेक्षकांनी एका पदाला सात सात वन्समोअर घेतल्याच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असतील, हे त्याच्या दुसऱ्या टोकाचं.

ऑगस्ट १९४३ मध्ये यावरही बाँब पडला, छप्पर गेलं. युद्ध संपल्यावर गावाने घरांच्या आधी ते बांधायला घेतलं म्हणून तेव्हा वादही झाले असतील, पण ११ मे १९४६ ला ते परत उघडलं. ऑर्केस्ट्राचा संचालक तोस्कानिनी, ज्याने फॅसिस्टांचं गाणं वाजवायला नकार दिला म्हणून मार खाल्ला होता आणि देश सोडला होता, तो अमेरिकेहून परत येऊन उभा राहिला. आणि हो, आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी इथे ऑपेरे केलेत, तेवढं आपलंही नातं सांगता येईल.

प्रयोगाचं तिकीट नाही मिळालं तरी म्युझियमचं काढा, तालीम चालू नसेल तर तिथून एका बॉक्समध्ये शिरून आतलं सभागृह बघता येतं.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. कासा व्हेर्दी. मेट्रोच्या लाल लाइनवर बुओनार्रोती स्टेशन, बाहेर आलं की चौकात व्हेर्दीचा पुतळा आणि समोर ती इमारत. व्हेर्दी अठरा वर्षांचा असताना मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीने त्याला प्रवेश नाकारला होता (आता त्याच संस्थेला त्याचं नाव आहे, काय बोलणार). पुढे तो देशातला सगळ्यात मोठा संगीतकार झाला, पैसा अमाप, मूलबाळ लहानपणीच गेलेलं. त्याने बघितलं होतं की ज्यांच्या जिवावर ऑपेरा उभा राहतो ते गायक, वादक, कोरसमधली माणसं म्हातारपणी अक्षरशः रस्त्यावर येतात. म्हणून त्याने म्हाताऱ्या संगीतकारांसाठी घर बांधलं, आर्किटेक्ट कामिल्लो बोइतो, म्हणजे त्याच्या शेवटच्या ऑपेरांचे शब्द लिहिणाऱ्या अर्रिगोचा भाऊ. १८९९ मध्ये तयार. पण अट अशी घातली की मी जिवंत असेपर्यंत उघडायचं नाही, कुणी येऊन माझे आभार मानायला नकोत.

२७ जानेवारी १९०१ ला तो गेला, स्कालापासून दोन पावलांवरच्या हॉटेलात. आजारी होता तेव्हा गाड्यांच्या चाकांचा आवाज होऊ नये म्हणून लोकांनी रस्त्यावर गवत अंथरलं होतं. अंत्ययात्रा साधी, गाणं वाजवणं नको असं त्याने लिहून ठेवलेलं. मग महिनाभराने त्याला आणि त्याच्या बायकोला कासा व्हेर्दीत आणलं तेव्हा मात्र तोस्कानिनीने शेकडो गायकांचा कोरस उभा करून त्याचंच "व्हा पेन्सिएरो" हे समूहगीत म्हणवून घेतलं. पहिले रहिवासी आले १० ऑक्टोबर १९०२ ला, व्हेर्दीच्या वाढदिवशी. पुढची कितीतरी वर्षं घर चाललं ते त्याच्या ऑपेरांच्या रॉयल्टीवर, कारण ती त्याने घराच्या नावे करून ठेवली होती.

अजून चालू आहे. वरती निवृत्त गायिका, व्हायोलिनवाले, नर्तक राहतात आणि त्यांच्याबरोबर आता संगीत शिकणारी तरुण मुलंपण. खाली अंगणापलीकडे तळघरात व्हेर्दी आणि ज्युसेप्पिना यांची समाधी, ती बघता येते. बाकीच्या खोल्या बघायच्या तर आधी चौकशी करावी लागते, माणसं राहतात तिथे, शांतपणे जायचं. मी गेलो तेव्हा वरच्या कुठल्या तरी खोलीतून पियानो येत होता, एकच ओळ परत परत, मध्येच थांबून कुणीतरी कुणाला तरी झापत होतं, परत तीच ओळ. रियाज!

चकलीचं_पीठ

हे वाचून आमच्याकडच्या किती म्हाताऱ्या नटांची नि साथीदारांची आठवण आली. कलावंत मानधनाचे अर्ज घेऊन फिरणारी माणसं बघितलीयत. असो.

अबोली_नाशिक

सासूबाईंनी हा प्रतिसाद परत परत वाचून घेतला. आता त्या म्हणतायत व्हेनिस राहिलं तरी चालेल, मला त्या घरी न्या. अहोंचा चेहरा बघण्यासारखा झालाय, व्हेनिसची तिकिटं रिफंडेबल नाहीयेत.

लियोनार्दोच्या लास्ट सपर चित्राचं काय? एका साइटवर बघितलं तर माणशी भयंकर पैसे लावलेत.

पोलिमी_पुणेकर

ताई मधल्या एजंट लोकांच्या साइटवरून घेऊ नका, ते टूर म्हणून चिकटवतात आणि दामदुप्पट लावतात. अधिकृत म्युझियमच्या साइटवर तिकिटं ठरावीक तारखेला पुढच्या काही महिन्यांसाठी एकदम उघडतात आणि भराभर संपतात, तो दिवस बघून ठेवा. छोट्या गटाने आत सोडतात, मध्ये दोन-तीन बंद दारांच्या खोल्या, धूळ आणि दमट हवा आत जाऊ नये म्हणून, आणि मग बरोब्बर पंधरा मिनिटं. उशिरा पोचलात तर तिकीट गेलं, रडून उपयोग नाही.

बोरीबंदर

पंधरा मिनिटं पुरतात, आणि त्यातली दोन मिनिटं समोरच्या, विरुद्ध बाजूच्या भिंतीकडे बघा, तिकडे मोंतोर्फानोचं क्रूसारोहण आहे, १४९५ चं, त्याच सुमाराचं. ते ओल्या गिलाव्यावर रीतसर काढलंय, रंग अजून ठणठणीत. लियोनार्दोला मात्र सावकाश, परत परत बदलत काम करायचं होतं म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर काढलं आणि ते त्याच्या हयातीतच पोपडे धरायला लागलं. ही खोली म्हणजे मठातल्या साधूंची जेवणाची खोली. १६५२ मध्ये त्यांना स्वयंपाकघराकडे जायला दार मोठं हवं होतं, तर त्यांनी सरळ भिंत फोडली, येशूचे पाय गेले त्यात. जेवण गरम येणं महत्त्वाचं.

१९४३ च्या ऑगस्टमध्ये या खोलीचं छप्पर आणि एक बाजूची भिंत कोसळली. चित्राच्या भिंतीला आधीच वाळूची पोती आणि लाकडी आधार लावून ठेवले होते म्हणून ती उभी राहिली. मग १९७८ ते १९९९ एवढा काळ पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली इंचाइंचाने आधीच्या लोकांनी फासलेले रंग काढले. एकवीस वर्षं एका भिंतीपुढे. मूळ रंग किती कमी उरलाय ते त्यामुळेच कळलं, आणि काही जणांनी त्यावरही टीका केली.

खडूस_काका

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून एक वेगळी जागा मी सुचवतो. व्हेनिसची ट्रेन पकडायला स्टाझिओने चेंत्रालेला जाणारच आहात. १९३१ चं ते अवाढव्य स्टेशन, मुसोलिनीच्या काळातला सगळा डामडौल. लोक वर मान करून छत बघतात. तुम्ही बाहेर पडून कडेच्या रस्त्याने खालच्या मजल्याला जा, तिथे मेमोरियाल देल्ला शोआ, म्हणजे ज्यूंच्या संहाराचं स्मारक आहे, बिनारियो २१ (फलाट २१) म्हणतात. प्रवाशांच्या फलाटांच्या खाली टपालाचे डबे भरायची जागा होती. तिथे अंधारात माणसं मालडब्यात कोंबायची, मग डबा लिफ्टने वर रुळांवर उचलायचा, वरच्या प्रवाशांना पत्ता नाही. ३० जानेवारी १९४४ च्या गाडीने आउशवित्झला गेलेल्यांत लिलियाना सेग्रे होती, तेरा वर्षांची. ती परत आली, वडील नाही आले. कित्येक वर्षं गप्प राहिली, मग शाळाशाळांतून बोलत फिरली, २०१८ मध्ये तिला तहहयात सिनेटर केलं. आत शिरताना भिंतीवर मोठ्या अक्षरात 'इन्दिफेरेन्त्सा' एवढंच लिहिलंय, म्हणजे बेपर्वाई, ते तिच्याच सांगण्यावरून. जुने डबे तिथेच उभे आहेत, आत पाऊल टाकता येतं. म्हाताऱ्या बाईंना न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

डॉ_कडुलिंब

काका, तुम्ही मिलानला इतकं बघून ठेवलंयत आणि वर "निघावं" म्हणताय?

खडूस_काका

नोकरी होती हो तिथे. हौसेने नाही.

शेंगदाण्याची_चटणी

जेवणाचं कुणी बोललंच नाही. आम्ही शाकाहारी, म्हणून सांगते. केशराचा पिवळा रिसोत्तो बघून भुलू नका, मिलानची पद्धत म्हणजे त्यात बीफचा स्टॉक आणि बऱ्याचदा हाडातली मज्जाही. विचारूनच घ्या. डुओमोच्या मागे लुइनीमध्ये टोमॅटो-चीजचा पान्झेरोत्तो मिळतो, रांग मोठी पण पटकन सरकते. आणि चौकात मनगटाला दोरा बांधायला येणारे लोक आहेत, हात खिशात ठेवा, एकदा बांधला की पैसे मागतात.

बोरीबंदर

राहिलेलं भराभर टाकतो. डुओमो आणि स्काला यांना जोडणारी गालेरिया, काचेच्या छताची, आर्किटेक्ट मेंगोनी १८७७ च्या डिसेंबरात, काम संपत आलं असताना, तिथल्याच मचाणावरून पडून गेला. तिथे जमिनीवर बैलाचं चित्र आहे, त्यावर टाच ठेवून गिरकी घेतात, बैलाच्या ज्या जागी खड्डा पडलाय ती बघून सासूबाई काय म्हणतील ते इथे लिहा. ब्रेरामध्ये एकाच वाड्यात चित्रसंग्रह, कला अकादमी, ग्रंथालय, वेधशाळा आणि मागे औषधी वनस्पतींची बाग, बहुतेक मारिया तेरेसाच्या काळातलं, चित्रसंग्रहाचं मोठं रूप नेपोलियनचं. मांतेन्याचा पायाकडून काढलेला मृत येशू चुकवू नका. आम्ब्रोसियाना १६०९ पासून सगळ्यांना खुलं असलेलं ग्रंथालय, फेदेरिको बोर्रोमेओ या कार्डिनलचं, तिथे लियोनार्दोच्या वहीची पानं आणि राफाएलच्या अथेन्सच्या चित्राचा मूळ कच्चा आराखडा, आठ मीटर लांब, मला तो भिंतीवरच्या पक्क्या चित्रापेक्षा जास्त आवडतो. स्फोर्त्सा किल्ला अहोंसाठी, त्यात मायकेलअँजेलोचा शेवटचा अपुरा पुतळा.

दुसरी_घंटा

थांबा थांबा, तारखांकडे कुणी बघितलंच नाही! डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणालात ना ताई. ७ डिसेंबर म्हणजे सांत आम्ब्रोज्यो, गावाच्या संताचा दिवस, मिलानला सुट्टी, आणि त्याच संध्याकाळी स्कालाच्या सीझनचं उद्घाटन. राष्ट्राध्यक्ष, मंत्री, हिरे, फर, बाहेर पोलिस आणि मोर्चे. त्याचं तिकीट आपल्या बसची गोष्ट नाही. पण तोच ऑपेरा त्याच वेळी गावात ठिकठिकाणी पडद्यावर लाइव्ह दाखवतात, गालेरियातसुद्धा, फुकट. सासूबाईंना कोट, मफलर, कानटोपी घालून लवकर खुर्ची पकडून द्या. आणि लेक तिशीच्या आतली असेल तर तिला सांगा, उद्घाटनाच्या दोन-तीन दिवस आधी फक्त तरुणांसाठी स्कालात तोच प्रयोग होतो, तिकीट परवडणारं असतं, ऑनलाइन उघडलं की मिनिटांत संपतं.

त्या दिवसांत किल्ल्याभोवती ओ बेई ओ बेईची जत्रा असते, चेस्टनट, मिठाई, जुनं सामान. ८ तारखेला अख्ख्या देशाला सुट्टी. आणि सोमवारी ब्रेरा, लास्ट सपर, किल्ल्यातली म्युझियम्स बंद असतात, त्या दिवशी कासा व्हेर्दी आणि का ग्रांदा बसवा. का ग्रांदा मात्र सुट्टी सोडून, नाहीतर फाटक बंद मिळेल.

अबोली_नाशिक

अय्या, हे लेकीलापण माहीत नव्हतं! तिला आत्ता फोन करून तिकिटाच्या मागे लावलंय. व्हेनिसची ट्रेन पुढे ढकलता येते का तेवढं कुणी सांगा, बेस भाड्याचं तिकीट आहे.

पोलिमी_पुणेकर

बेस भाडं असेल तर आधी तिकिटावरच्या अटी वाचा ताई. फास्ट ट्रेनचं असेल तर प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात, साध्या रेजोनालेचं, म्हणजे पॅसेंजर गाडीचं असेल तर फार पैसे नाहीत, सरळ नवीन काढा. आणि कागदी रेजोनाले तिकीट असेल तर चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये पंच करायला विसरू नका, नाहीतर दंड.